पडदेताईच्या अकरा सह्या

पडदेताईनं जन्मात कधी पहिल्याच दुकानात कापड घेतलं नाही. कापडबाजाराच्या तोंडाशी ती दिसली की दुकानदार एकमेकांना खुणावत, "आली बघ, आज घसा बसणार." दहा दुकानं चढायची, कापड मुठीत चुरगाळून बघायची, उजेडावर धरायची, "बघते" म्हणायची आणि पायऱ्या उतरायची. अकराव्या दुकानातला माणूस शहाणा असेल तर तोंड न उघडता सगळ्यात कमी भाव लावायचा.

पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं, एवढ्या शिलाईवर तिनं नवऱ्याच्या माघारी मुलगी वाढवली, शिकवली. गिऱ्हाइकाला गुरुवार म्हटलं म्हणजे गुरुवार, ताप असो नाहीतर पाहुणे. "आणखी दोन दिवस द्या" हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्याचा तिला माज होता, आणि तो तिला शोभायचा.

राहायला दोन खोल्या, भाड्याच्या. पुढच्या खोलीत दोन मशीनं आणि कापायचं लांबलचक टेबल. मागच्या खोलीत बाकीचा सगळा संसार. तिथं राहायला लागल्याच्या एकोणिसाव्या वर्षी वरच्या मजल्यावरचे घरमालक काका खाली उतरले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी आता मुलाकडे जाऊन राहणार. खोल्या विकतोय. पहिला हक्क तुझा. पण तीन महिन्यांत पैशाचं पक्कं सांग, दलाल रोज डोकं खातोय."

किमतीचा चौथा हिस्सा तिच्याकडे साठलेला होता. उरलेल्याला कर्ज. मुलगी एका हिशेबनिसाच्या ऑफिसात कामाला. तिनंच मागं लागून आईच्या धंद्याचा कर तीन वर्षं भरायला लावला होता, म्हणून कमाईचा कागद तरी होता. तिनं मोबाइल पुढं केला.

"आई, हा तुझा क्रेडिट स्कोअर. ओव्हरलॉक मशीनचे हप्ते वेळेवर भरलेस ना, त्याचे गुण. नऊशेपैकी सातशे बासष्ट."

"एवढे? शाळेत एवढे पडले असते तर बापानं लग्नाची घाई केली नसती."

"मग आता आपल्या बँकेत अर्ज कर."

"एकाच ठिकाणी? खुळी आहे का मी?"

आणि पडदेताई बँकांच्या बाजारात उतरली. पंधरा दिवस रोज जेवणानंतर मशीनवर कपडा टाकायची, काखेत फाइल मारायची आणि निघायची. लहान बँका, मोठ्या बँका, कर्ज देणाऱ्या काचेच्या दारांच्या कंपन्या. सगळीकडे तिचा एकच प्रश्न: "व्याज किती लावाल?" आणि सगळीकडे टाय लावलेला एकच चेहरा: "ताई, इथं फक्त एक सही करा, मग नक्की दर सांगतो." ती सही करायची. सहीला काय पैसे पडतात? दर वहीत उतरवायची, "बघते" म्हणायची, पायऱ्या उतरायची.

अकरा ठिकाणं झाली. आठव्या बँकेचा दर सगळ्यांत कमी. ती ताठ मानेनं तिथं परत गेली. समोर कर्जविभागाची बाई, चष्मा कपाळावर चढवलेली. तिनं संगणकात बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"ताई, हे होणार नाही. तुमचा स्कोअर सहाशे अठ्ठ्याण्णव आहे. आमच्याकडे सव्वासातशेच्या खाली अर्ज पुढंच जात नाही."

"सातशे बासष्ट आहे. मुलीनं दाखवलाय."

"होता. पंधरा दिवसांत अकरा जणांनी तुमचा रिपोर्ट काढलाय. तुम्ही सही केली ते नुसतं भाव विचारणं नव्हतं, तो अर्ज होता. अशी प्रत्येक चौकशी नोंदली जाते आणि गुण कापले जातात."

पडदेताईच्या डोक्यात तिडीक गेली. "भाव विचारला म्हणून दंड? एका पैशाची उधारी नाही, एक हप्ता चुकवला नाही! पाव मीटर कापडाला मी दहा ठिकाणी विचारते, आणि वीस वर्षांच्या कर्जाला डोळे मिटून हो म्हणू? ही कुठली रीत?"

आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. कर्जवाल्या बाईनं चष्मा खाली घेतला.

"ओरडा, ताई. तुमचं चुकलेलं नाही. पण त्या यंत्राला तुम्ही दिसत नाही, अकरा चौकश्या दिसतात. इतकी दारं ठोठावणारा माणूस अडचणीत आलेला असणार, असं ते धरून चालतं."

"आणि सही घेणाऱ्यानं हे सांगायचं नसतं?"

खरं म्हणजे याचंच उत्तर कुणीतरी द्यायला हवं. ज्याला दहा घरचं बघून निवडायची अक्कल आहे, त्याची अक्कलच त्याच्या विरुद्ध लिहिली जाते, आणि लिहिणारा हसून पेन पुढं करतो.

"आता काय करू ते सांगा," पडदेताई शेवटी म्हणाली.

"सहा महिने कुठंही अर्ज करू नका. फोनवर कार्ड देतो म्हणतील, नको म्हणा. आपला रिपोर्ट आपण बघितला तर गुण जात नाहीत, तो बघत राहा. आणि दर विचारायचा असेल तर तोंडी विचारा. सही नाही."

सहा महिने! काकांच्या मुदतीतले जेमतेम अडीच उरले होते.

घरी मुलीनं कपाळावर हात मारला. "मला वाटलं तू नुसती विचारत फिरतेयस!"

"मलाही तेच वाटलं."

"काकांकडे वेळ माग ना मग."

दोन दिवस पडदेताईनं एका गिऱ्हाइकाच्या पडद्याची शिवण तीनदा उसवली. वेळ मागायचा म्हणजे आजवर ज्यांना ती मनातल्या मनात हसत आली, त्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. उधारीवाले, आजउद्यावाले. पण त्यांतल्या किती जणांचं खरंच चुकलं होतं आणि किती जणांना न वाचलेल्या कागदानं गाठलं होतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती जिना चढली.

"काका, मला तीन नाही, आठ महिने लागतील."

काकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "तू? तू तारीख पुढं ढकलतेस?"

"ढकलतेय. माझ्या अडाणीपणानं झालंय." आणि तिनं अकराच्या अकरा सह्या सांगितल्या, एकही न लपवता.

काका हसले नाहीत. "दलाल तुझ्यापेक्षा जास्त देतोय. आठ महिन्यांनीही बँक नाही म्हणाली तर?"

ती उत्तर ठरवूनच आली होती. "साठवलेल्यातले निम्मे आज बयाणा म्हणून घ्या, वकिलाकडून लिहून घ्या. मला जमलं नाही तर त्यातले निम्मे तुमचे."

"सगळे नाही?"

"सगळे द्यायला मी अडाणी आहे, वेडी नाही."

काका आता हसले. "आठ महिने. नववा नाही."

ते महिने तिनं कसे काढले ते मुलीला विचारा. फोनवर "मॅडम, तुमच्यासाठी खास कार्ड" ऐकलं की ती अशी काही सुनावायची की समोरचं पोरगं आधी माफी मागायचं. दर महिन्याला स्कोअर बघायची: सातशे चार, सातशे अकरा. पाचव्या महिन्यात तो हललाच नाही, तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. बयाण्याची पावती तिनं शिलाईच्या डब्यात ठेवली होती. डबा उघडला की आधी पावती पालथी घालायची.

सातव्या महिन्यात सातशे एक्केचाळीस. ती त्याच चष्मेवाल्या बाईकडे गेली, फक्त तिच्याकडे. अर्ज पुढं सरकला. दर पूर्वीपेक्षा पाव टक्का चढला होता. त्यावर ती अर्धा तास भांडली, तो काही उतरला नाही, पण अर्जाची फी निम्मी झाली.

"मुदत वीस वर्षं. वय?"

"सत्तेचाळीस."

आकडा दोघींनीही मनात केला. सदुसष्टाव्या वर्षापर्यंत मशीनवरचा पाय थांबवायचा नाही. पडदेताईनं आपली बोटं एकदा मिटून उघडून बघितली. मग म्हणाली, "आणा कागद."

कागद आले, बावीस पानं. खुणा केलेल्या जागा दाखवत बाई म्हणाली, "इथं, इथं आणि इथं सही."

पडदेताईनं पेन टेबलावर ठेवलं, फाइल आपल्याकडे ओढली आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. जेवणाची सुट्टी झाली, माणसं उठून गेली, परत आली. ती तेव्हा चौदाव्या पानावर होती.

"ताई, मी जेवून येऊ का?" बाईनं विचारलं.

"या की," मान वर न करता ती म्हणाली. "पण आधी हे सांगून जा. 'बँकेला योग्य वाटल्यास दर बदलता येईल', हे योग्य कुणाला विचारून ठरवणार?"