कपाच्या बुडावरची धार

साळवेमामा चहा संपला की रिकामा कप उलटा करून त्याच्या बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. कोणाच्याही घरी, अगदी साखरपुड्याच्या मांडवातसुद्धा. मी पडेगावात राहायला आले तेव्हा शेजारी म्हणून ते पहिल्यांदा चहाला आले आणि त्यांनी हेच केलं. कप नीट धुतलाय की नाही ते बघताहेत असं वाटून मला रागच आला. मामा म्हणाले, "कप चांगलाय मॅडम. घरातली सुरी आणा."

कपाच्या बुडाला एक खरखरीत गोल कडा असते, तिला चकाकी नसते. त्या कडेवर त्यांनी माझी सुरी ओढायला सुरुवात केली. तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर काढलेला माणूस, पण हात असा हलका की आवाज जेमतेम यावा. पाच मिनिटांत त्यांनी टोमॅटोवर सुरी नुसती टेकवली, दाब न देता ओढली आणि साल फाटली. मग सुरी माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली, मूठ माझ्याकडे करून. सुरी हातातून हातात दिली की दोन घरांत भांडण होतं, असं त्यांची आई म्हणायची. मामा एरवी असलं काही मानत नसत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, तोंडी कायम विज्ञान. पण एवढं एक पाळायचे. "शेजाऱ्याशी भांडण परवडत नाय," म्हणायचे.

त्यांच्याकडे सुऱ्या घेऊन येणाऱ्या बायकांना ते धार लावून देण्याऐवजी शिकवायला बसत. सुरीच्या पाठीखाली काडीपेटीच्या दोन काड्या मावतील एवढीच ती उचलायची. एका बाजूनं ओढत राहायचं, पलीकडच्या बाजूला वळलेल्या लोखंडाचं बारीक कुसळ बोटाला लागलं की बाजू बदलायची. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर पाठीच्या दिशेनं चार हात द्यायचे. कोणी घाईनं दाबायला लागलं की टोकायचे. "बोथट सुरीच बोट कापती बाई. माणूस दाबतो, ती सटकती. धारंची सुरी आपलं काम बघती." हे वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. आम्ही त्यावरून त्यांची थट्टाही करत असू.

त्यांची स्वतःची सगळ्यात लाडकी सुरी मामींच्या हातात असायची. कारखान्यातल्या करवतीच्या मोडक्या पात्याची ती मामांनीच घडवली होती, बाभळीची मूठ बसवून. मामी सोयगावकडच्या. त्या सुरीनं त्या कोबी असा चिरायच्या की ताटात सुताचा गुंता पडल्यासारखा दिसे.

मग मामींचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग पुण्यातल्या मुलाचं नाव. एकदा त्या 'घरी जाते' म्हणून निघाल्या आणि दौलताबाद रोडवर ट्रकांच्या मधून चालताना सापडल्या. एका गोष्टीनं मात्र त्या घरात बसत. पुढ्यात परडीभर भेंडी आणि हातात ती सुरी दिली की तासन् तास शांत. स्वतःचं नाव आठवायला वेळ लागे, पण भेंडीचे तुकडे एकसारखे पडत. मामा समोर बसून राहायचे. मामींना साखरेचा त्रासही होता, म्हणून मामांचा डोळा त्यांच्या बोटांवरून हलत नसे.

एका दुपारी मी गेले तेव्हा मामींच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. वरवरची जखम होती आणि चार दिवसांत ती भरलीसुद्धा. पण मी घाबरले आणि शहाणपणा पाजळला. मी मामांना म्हटलं, सुरी काढून घेऊ नका, तिची धार काढून टाका. हातात सुरी राहील, त्या शांत राहतील, कापायची भीती नाही. मऊ काकडी द्या, केळं द्या.

"बोथट सुरी..." मामा एवढं बोलले आणि थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला कळतंय."

वीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे माझ्या बोलण्याला एक ठाम सूर आला आहे, त्या सुराचा मला आता तिटकारा येतो. मामांनी माझ्यासमोर कप उलटा केला आणि सुरीची धार सरळ खाली धरून कडेवर घासली. तो आवाज फार वाईट होता. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला आणि सुरी मामींपुढे ठेवली.

पंधरा दिवस बरे गेले. मग मामींना कुठून तरी कच्चा भोपळा हाती लागला. मामा बाहेर कपडे वाळत घालत होते. चिरता येईना म्हणून मामींनी डाव्या हातात भोपळा धरून सगळा जोर लावला असावा. सुरी सटकली आणि डाव्या तळहातात खोल गेली. बोथट पातं चिरत नाही, फाडतं. साखरेमुळे जखम भरली नाही. आधी करंगळी काळी पडली, ती काढली. मग तिच्या शेजारचं बोट. दवाखान्याच्या खाटेवर मामी उजव्या हाताची बोटं चादरीवर सारखी हलवत होत्या, भाजी चिरल्यासारखी. तिसऱ्या आठवड्यात त्या गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मी मामांकडे गेले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडले. म्हटलं, मामा, माझ्यामुळं झालं. मला वाटत होतं, ते नाही म्हणतील. लोक अशा वेळी नाहीच म्हणतात.

"सांगितलं तुम्हीच," मामा म्हणाले. "पण घासली म्या. मला म्हाईत होतं, मॅडम. उभ्या जन्मात ते एकच म्हाईत होतं."

महिन्याभरात मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. मी चहा केला. त्यांनी तो संपवला आणि कप तसाच बशीत ठेवला, सुलटा. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तो हलला नाही.

मग त्यांनी पिशवीतून बाभळीच्या मुठीची ती सुरी काढली. मी नकळत हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि सुरी ओट्यावर ठेवली, मूठ माझ्याकडे करून. तेवढ्यानंच मला कळलं की या माणसाला अजूनही माझ्याशी भांडण नको आहे. त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"हिला धार लावा," ते म्हणाले. "माझ्यानं नाय होत आता."

रिक्षा वळली तशी मी आत आले. त्यांचा कप धुतला, पुसला, उलटा केला. पात्यावर धार म्हणून काही उरलंच नव्हतं. मी पाठीखाली दोन काड्यांएवढी जागा धरली, दाबायचं नाही हे स्वतःला बजावलं आणि ओढायला लागले. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. कुसळ लागायला दुपार झाली.