चार भागांचं व्हायोलिन

"मधी टाळी नगं!" गज तारांना लावण्याआधी अण्णा बोट उगारून दम भरायचे. समोर मी एकटाच बसलेला असलो तरी.

आष्ट्यात आमची भिंतीला भिंत. अण्णा लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले, मी बँकेत कारकून. कुणी वरातीत वाजवायला बोलावलं की ते दार लावून घेत. तिरसट म्हणाल, तर होतेच. पण त्यांनी एकट्या व्हायोलिनसाठी चार भागांची रचना बांधली होती. ना तबला, ना पेटी. दुसऱ्या भागात गज तारांवर चाबकासारखा पडायचा. त्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर मारलं होतं, त्याचा तो भाग. तिसरा इतका हळू, की श्वास घ्यायचीही चोरी.

"ह्यो राग कुठला?" मी एकदा विचारलं.

"माझाच की."

इस्लामपूरच्या एका संगीत संमेलनात मी खटपट करून त्यांना वेळ मिळवून दिली. दुसरा भाग रंगात आला आणि प्रमुख पाहुणे आले. संयोजकांनी सरळ माईक ओढून घेतला. हारतुरे झाले. अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आवं, राहिलंय तेवढंच उरका," संयोजक म्हणाले.

"ह्याचं तुकडं हुत न्हाईत. चारी मिळून एक हाय."

"मग तुमच्या जयंतीला वाजवा सगळं!"

पुढच्या रांगेत लोक हसले. चांगले शिकलेले, गाण्यातले जाणकार म्हणवणारे लोक.

अण्णा खाली उतरले, मांडवाबाहेर भर उन्हात उभे राहिले आणि पहिल्यापासून वाजवू लागले. मी बाहेर गेलो. मागोमाग चहावाला आला, चार बायका आल्या. आतलं भाषण कर्ण्यातून असं कोसळत होतं, की तिसऱ्या भागात गज हलताना नुसता दिसायचा. तरी कुणी जागचं हललं नाही.

"झकास, अण्णा!" शेवटी मी म्हणालो.

"तिसरा ऐकाय आला?"

"न्हाई."

"मग कशाचं झकास?"

चारचौघांत ते पुन्हा वाजवायला उभे राहिले नाहीत. ते गेल्यावर मी संयोजकांकडून त्या दिवसाची कॅसेट मिळवली. अण्णांचं वाजवणं पुसून तिच्यावर भाषण भरलं होतं, अथपासून इतिपर्यंत. शेवटाकडे पाहुणे थांबतात आणि विचारतात, "बाहेर कुणी किरकिर लावलीय रं?" मांडव हसतो. त्या हसण्याच्या मागं, अगदी बारीक, चौथा भाग चालू असतो.