बाबांचं इंजिन मी रीसेट केलं तेव्हा

आमच्या घरातलं इंजिन बंद पाडलं आईने, पण त्याची खरी वाट लावली ती मी.

इंजिन म्हणजे वीतभर लांबीचं, रुळांवर विजेवर चालणारं, दादाने जर्मनीहून आणलेलं. बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. उभी हयात घाटात मालगाड्या चढवण्या-उतरवण्यात गेली. निवृत्तीनंतर दोन वर्षांत अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात-पाय मंदावला. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली असतील तेव्हा. नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत ते दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. विचारलं तर बोलायचे, वाढलं तर जेवायचे. दादा पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला तेव्हा दोघांनी मिळून प्लायवूडच्या फळीवर गोल रूळ बसवले. तेव्हापासून बाबा रोज चार वाजता आपण होऊन उठायचे, भिंतीला धरत फळीपाशी जायचे आणि अर्धा तास गाडी चालवायचे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांनी एक दिवस केला नाही, पण हा कधी चुकवला नाही.

मला याचा आनंद होता आणि पोटदुखीही होती. खोटं कशाला बोलू? गोळ्या द्यायच्या मी, दवाखान्यात न्यायचं मी, सिन्नरच्या कंपनीतून उभ्याने बसचा प्रवास करून आल्यावर पाय चोळून द्यायचे मी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा काय दाखवणार, तर दादाचं इंजिन.

दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची आमची रीत. बाबा नोकरीत असताना शेडमध्ये इंजिनाला झेंडूचे हार बांधायचे, नारळ फोडायचे. त्यामुळे आईने शिलाई मशीन, मिक्सर आणि विळीच्या रांगेत हेही इंजिन त्याच्या रुळांसकट घेतलं. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूचं फूल बुडवून वरून पाणी शिंपडलं. बाबांनी हात जोडले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई, मीही जोडले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चार वाजता बाबांनी कंट्रोलरचं बटण फिरवलं, तर इंजिन बोटभर सरकून थांबलं. पुन्हा सरकलं, पुन्हा थांबलं. पुढचा दिवा लुकलुकायला लागला.

"आधी खालून बघ," बाबा म्हणाले. "करंट पोचतोय का ते बघ. बघितल्याशिवाय हात लावायचा नाही."

"बाबा, हे तुमच्या इंजिनासारखं नाही," मी म्हटलं. "याच्या पोटात चिप असते. चिप गोंधळली की रीसेट करायची."

कंपनीत मी सर्किट तपासायचे. तिथे एखादं अडकलं की आम्ही आधी रीसेट करायचो आणि बहुतेक वेळा ते सुटायचं. हाताला तीच सवय. या इंजिनाच्या चिपमध्ये नंबर घातलेले खण असतात आणि प्रत्येक खणात एकेक आकडा भरलेला असतो, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. आठव्या खणात आठ भरले की इंजिन कारखान्यातून निघालं तसं कोरं होतं. मी इंजिन बोटाने रुळांवर दाबून धरलं आणि कंट्रोलरवरून आठात आठ भरले. त्याने एक हिसका दिला. मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं. मग त्याचा नंबर दाबला. कंट्रोलरवर नंबर दाबला की त्या नंबरचं इंजिन हाकेला येतं, आणि आमच्याला दादाने बाबांच्या शेवटच्या इंजिनाचे आकडे दिले होते. पण ते हललं नाही. दिवासुद्धा लागेना.

बाबा माघारी वळले. भिंतीला धरत खुर्चीत जाऊन बसले. सोमवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई म्हणाली, "आज चारला उठले नाहीत." मंगळवारीही उठले नाहीत. मला घास गोड लागेना. बाबा त्या खुर्चीतच राहिले तर ते माझ्यामुळे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

बुधवारी सिन्नरच्या बसमध्ये ती पुस्तिका मी शेवटपर्यंत वाचली. हे आधीच करायला हवं होतं, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, त्यातली मी. बारीक अक्षरात लिहिलं होतं की, रीसेट केल्यावर इंजिन फक्त तीन नंबरला ओ देतं. घरी येऊन तीन दाबला आणि दिवा लागला. पण अडखळणं तेच. तेव्हा कुठे मी ते उलटं केलं. चाकांवर हळदकुंकवाचा लगदा वाळून घट्ट बसला होता. रुळांवरही तोच थर. वीज चाकांतून वर जाणार तरी कशी? चिप ठणठणीत होती. मी उगीचच तिची पाटी पुसली होती.

कापूस आणि स्पिरिट घेऊन पंधरा मिनिटांत काम झालं.

"बाबा, चाकांना कुंकू लागलं होतं."

"असणारच," बाबा म्हणाले.

"म्हणजे आता पूजा पण चुकली का माझी?" आई आतून म्हणाली.

बाबा आले, बटण फिरवलं. इंजिन टुणकन उडी मारल्यासारखं सुटलं. त्यांनी लगेच थांबवलं आणि कंट्रोलर खाली ठेवला. "हे खेळणं झालं," एवढंच म्हणाले.

गाडी सावकाश सुटावी म्हणून दादाने तिसऱ्या खणात एक आकडा भरला होता, आणि तोही माझ्या हातून पुसला गेला होता. रविवारी दादाचा फोन आला तेव्हा मी विचारलं. "अगं, आता कुठलं आठवतंय? कुठे टिपला असेल तर बघतो," तो म्हणाला. मग नाइलाजाने मी बाबांच्या पुढ्यात बसले आणि जे इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "भरलेली मालगाडी निघते तेव्हा नेमकं काय होतं?"

"आधी काहीच होत नाही," बाबा म्हणाले. "एकेका डब्याची साखळी ताणली जाते. एकेक डबा अंगावर येतो. सगळे आले की मग गाडी हलते. तोवर ड्रायव्हरने धीर धरायचा. नवीन पोरं तिथेच घाई करतात."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी एक आकडा भरायचे आणि बाबांना हाक मारायचे. ते उठून यायचे, बटण फिरवायचे.

"चूक. हलकी आहे."

आकडा जितका मोठा तितकी गाडी सावकाश सुटते, म्हणून दुसऱ्या दिवशी तो वाढवायचा. "चूक." आणखी वाढवायचा. "आता उतारावर असल्यासारखी निघाली. चूक." शाळेतसुद्धा मला इतक्या वेळा कोणी चूक म्हटलं नसेल. दोन आठवडे हेच चाललं. मी मनातून चरफडत होते. एका संध्याकाळी चौतीस भरले. बाबांनी बटण फिरवलं. इंजिन बराच वेळ जागचं हललं नाही, मग इतकं हळू सरकलं की कधी सुटलं ते कळलं नाही. बाबांनी उभ्यानेच गाडी तीन फेऱ्या फिरवली.

"आता घाट चढेल," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दादाचा फोन आला. "सापडला गं तो आकडा. दहा टाकला होता मी."

"दहा? इथे चौतीस लागले."

"काहीतरीच. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एकदम बरोबर आहे म्हणून."

फोन ठेवला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याला पहिल्या दिवशी शाबासकी आणि मला दोन आठवडे चूक. बाबा फळीपाशी उभे होते. मी सरळ विचारलं, "दादाची गाडी हलकी होती, तर त्याला का नाही सांगितलंत?"

बाबांनी गाडीवरची नजर काढली नाही. "तो पंधरा दिवसांचा पाहुणा," ते म्हणाले. "त्याला कशाला चुका सांगायच्या? तुझ्यापाशी बरोबर होईपर्यंत थांबता येतं."

दादावरचा माझा राग त्या दिवशी गेला. बाबांवरचाही.