दगड उडाला म्हणायचं

गारखेड्यातल्या त्या कॉलनीत वरद किन्हीकरला सगळे शांत माणूस म्हणायचे. टँकरच्या पाण्यावरून भांडण पेटलं की कुणीतरी म्हणायचं, किन्हीकरांना बोलवा. वाळूजच्या कंपनीतही त्याचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. घरात तो चढायचा. हे त्याच्या बायकोला, स्वरदाला ठाऊक होतं आणि अलीकडं पहिलीतल्या लेकीला, जुईलाही.

सोयगावला स्वरदाच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. तो आटोपून तिघं परत निघाले. वरद गाडी चालवत होता, शेजारी स्वरदा, मागं जुई.

"मामांशी दोन शब्द बोलला असतात तर बरं झालं असतं," स्वरदा म्हणाली. "सगळ्यांत एकटे मोबाईल घेऊन बसलात."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा तोच विषय काढला. त्यानं शेजारची पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि समोर भिरकावली. खाडकन आवाज झाला. स्वरदाच्या पुढ्यातच काचेला भेगा पडल्या आणि बघता बघता चहूकडं पसरल्या. आपण तिच्यावर नेम धरला नव्हता, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. पण बाटली तिच्या तोंडासमोरूनच गेली होती.

फुलंब्रीला त्यानं चहासाठी गाडी थांबवली. कुणीच उतरलं नाही.

"आबांना सांगायचं, ट्रकच्या चाकातून दगड उडाला," तो म्हणाला.

स्वरदा खिडकीबाहेर बघत राहिली. जुईनं मान हलवली.

आबा म्हणजे वरदचे वडील लक्ष्मणराव. कारकुनी करून निवृत्त झालेले. गाडी घरी पोचली तेव्हा ते फाटकातच उभे होते. काच बघून घाबरले. वरद तोंड उघडणार तोच जुई पुढं झाली.

"आबा, ट्रकच्या चाकातून दगड उडाला! एवढा मोठा! मग बाबांनी लगेच गाडी बाजूला घेतली. आईला विचारलं, तुला लागलं का गं? मला पण विचारलं. आईला पाणी दिलं. मला जवळ घेतलं."

"शाब्बास," आबा म्हणाले आणि त्यांनी वरदच्या पाठीवर हात ठेवला.

वरद तसाच आत गेला. यातलं काहीच त्यानं केलं नव्हतं. दगड उडाला एवढंच त्यानं शिकवलं होतं. ते काळजी घेणारे बाबा तिनं स्वतःच तयार केले होते.

रविवारी आबा आणि जुई त्याच्याबरोबर मोंढा नाक्याला मुबारकभाईंच्या दुकानात आले. गाड्यांच्या काचा बसवण्याचं त्यांचं जुनं दुकान.

"कंपनीची काच टाकली तं साडेतेरा हजार. दुसरी साडेसहाला बसती, मजुरी त्यातच," मुबारकभाई म्हणाले. "विमा आहे ना साहेब? मग कंपनीचीच टाका. कशानं फुटली, तेवढं विमावाल्यांना कळवावं लागंल."

"दगडानं," आबा म्हणाले. "आणि विम्यातून जे भागणार नाही ते मी देतो. पेन्शन आलीय. रस्तेच असले, त्यात तुझी काय चूक?"

जुईनं मुबारकभाईंना सगळं पुन्हा सांगायला सुरुवात केली. "बाबांनी लगेच गाडी बाजूला घेतली..."

"जुई, थांब," वरद म्हणाला. "आबा, दगड नव्हता. मी बाटली फेकली. स्वरदा बोलत होती म्हणून. विमा नको मुबारकभाई, साधी काच बसवा. पैसे माझे."

मुबारकभाईंनी "ठीक है" म्हटलं आणि ते गाडीच्या पलीकडं गेले.

आबा जवळच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "रोज ती मला जेवायला वाढत होती आणि मी तिच्यापुढं त्या ट्रकवाल्याला शिव्या देत होतो. काय वाटलं असेल रे तिला?"

जुई रडायला लागली. "मग मी खोटं बोलले का?"

"तू नाही. मी बोलायला लावलं." तो तिच्यासमोर खाली बसला. तिला जवळ घ्यायला गेला तशी ती आबांच्या मागं सरकली.

घरी स्वरदा मेथी निवडत होती. आबांना खरं काय ते सांगितलं, असं तो तिला म्हणाला. तिचा हात थांबला नाही.

"बरं केलंत."

"माझं चुकलं, स्वरदा."

"पोरगी फाटकात बोलत होती ना, तेव्हा मला रडू आलं. बाटली फेकलीत तेव्हा नव्हतं आलं." तिनं काड्या बाजूला सारल्या. "ती काय मागत होती, कळलं का तुम्हाला?"

"कळलं."

"बघू."

पुढच्या आठवड्यात सगळे बाजारात निघाले. काच नवी, स्वच्छ होती. स्वरदानं मागचं दार उघडलं आणि ती जुईशेजारी बसली. आबा पुढं बसले. वरदनं आरशातून एकदा मागं बघितलं. पुढं ये, असं म्हणायचा त्याला धीर झाला नाही. त्यानं गाडी सुरू केली आणि अगदी सावकाश गल्लीबाहेर काढली.