महादेवचं बोलणं

बारा वर्षांपूर्वी कडोलीच्या मालुबाईला क्षय झाला. औषधांनी ती वाचली, पण त्यातल्या इंजेक्शनांनी तिचे दोन्ही कान नेले. बेळगावच्या डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून बघितलं, मान हलवली आणि कागदावर लिहून दिलं, ‘नसच गेली आहे. यंत्राचा उपयोग नाही.’ तो कागद मालुबाईनंच मोठ्यानं नवऱ्याला वाचून दाखवला, कारण महादेवला वाचता येत नव्हतं.

खरी अडचण तिथून सुरू झाली. मालुबाई सातवी शिकलेली. हाताला लागेल तो कागद वाचायची, पुडीचासुद्धा. महादेव लहानपणीच म्हशींमागं गेलेला, सही तेवढी कशीबशी गिरवायचा. ती बोलायची ते त्याला ऐकू जायचं. त्याचं बोलणं मात्र तिच्यापर्यंत पोचायला वाटच राहिली नाही.

महादेव लई बोलका माणूस. बाजारात भाजी विकून आला की कोण भेटलं, कुणी भाव पाडला, कोण कन्नडात भांडलं आणि कोण मराठीत, सगळं आवाज काढून सांगायचा. ते सगळं बंद पडलं. ओठ बघून बोलणं कळतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यानं तरुणपणापासून राखलेल्या मिशा काढल्या. काही दिवस दोघं सोप्यात समोरासमोर बसली. तिला ओठ हलताना दिसायचे, शब्द हाती लागायचा नाही. शेवटी तीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. मिशीत बरं दिसत हुता.”

मग खुणा आल्या. जेवण, पाणी, म्हैस, शेत, लाईट गेली, पाव्हणं आलं. तेवढ्यावर संसार चालला. हळूहळू महादेव घरात बोलेनासाच झाला.

तीन वर्षांपूर्वी खानापूरला दिलेल्या लेकीनं, नीलमनं, आईला फोन घेऊन दिला. नीलम त्यावर लिहून पाठवायची, मालुबाई वाचून उत्तर द्यायची. माइकची खूण दाबून बोललं की अक्षरं उमटतात, हेही नीलमनं दाखवलं. पण महादेव तोंडाशी फोन धरून भाषण केल्यासारखा ताठ बोलायचा, दोन शब्दांवर माइक बंद व्हायचा, आणि ‘न्हाय’ म्हटलं की तिथं ‘नाव’ नाहीतर ‘नहाणी’ लिहून यायचं. चार-सहा वेळा बघून त्यानं फोन खाली ठेवला तो ठेवलाच.

गेल्या गणपतीला दिराचा मुलगा आदर्श बेंगळूरूहून आला. तो तिकडं मोबाइलची ॲप तपासायचं काम करायचा. दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं आपला फोन मधे ठेवला आणि म्हणाला, “आप्पा, बोला. तोंड जवळ न्यायला नको. घरात बोलतासा तसं बोला.”

“काय बोलू रं?” महादेव म्हणाला.

फोनवर मोठ्या अक्षरांत उमटलं, ‘काय बोलू रं?’ मालुबाईनं ते वाचलं आणि ती दचकून नवऱ्याकडं बघायला लागली.

“मालू, कळालं तुला?”

“कळालं की!”

महादेव मांडी सावरून पुढं सरकला. “मग ऐक. आमटीत मीठ कमी घालतीस तू. कान गेल्यापासनं कमीच घालतीस. मी मागनं चोरून घालून खातोय.”

“मग खूण करायची!”

“मिठाची खूण काय करू गं?”

ती हसत सुटली. हसता हसता डोळ्याला पदर लावला.

तो फोन आदर्शच्या हापिसचा होता, ठेवून जाता येण्यासारखा नव्हता. मालुबाईनं आपला पुढं केला. त्यानं बघितलं आणि लिहून दाखवलं, ‘काकू, ही नवी सोय कंपनी तुझ्या फोनला देत न्हाय. फोन जुना झाला म्हणतात.’

“तीन वर्षांत?” मालुबाई म्हणाली. “कुठं चीर न्हाय त्याला.”

आदर्श संध्याकाळपर्यंत त्या फोनशी झटत बसला. कंपनीनं न दिलेली वस्तू वळसा घालून त्यानं त्यात बसवली. अक्षरं जरा उशिरानं यायची, फोन तापायचा, म्हणून मालुबाई तो पितळी ताटलीवर ठेवायची. पण चालायचा.

गणपती गेले, दसरा झाला. त्या दिवसांत महादेव जे बोलला ते सगळं साठलेलं होतं. शेजारच्या म्हशीनं ग्रामपंचायतीच्या दारात घातलेला गोंधळ त्यानं आठ वर्षांनी सांगितला. एकदा त्यानं आपल्या आईचं काढलं. म्हातारी गेली तेव्हा मालुबाई उशाशी बसली होती, तिचे ओठ हलताना बघत होती.

“तुझंच बोलत हुती ती,” महादेव म्हणाला. “मालूला बिचारीला ऐकू येत न्हाय, तिला रानात एकटं धाडू नको, म्हणून मला बजावत हुती.”

मालुबाईनं ते वाचलं आणि फोन उचलून छातीशी धरला. सासूनं जाताना आपल्याला बोल लावला असेल, असंच तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

दिवाळीचा पाडवा झाल्यावर एका सकाळी फोन आपोआप बंद होऊन परत सुरू झाला. चहाला बसताना तिनं तो ताटलीवर ठेवला. महादेव बोलला. अक्षरं आली, पण ती त्याची नव्हती. तिनं वाचून दाखवलं, “ही सुविधा आपल्या उपकरणावर उपलब्ध नाही.”

महादेवनं काहीतरी विचारलं. तिला कळलं नाही. त्यानं फोनकडं बोट दाखवून दोन्ही हात पसरले, मग अंगठा मागं करून कालची खूण केली. काल तर होतं!

तिनं आदर्शला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, ‘त्यांनी ती आडवाटबी बुजवली काकू. आता माझ्याच्यानं हुणार न्हाय.’

‘ह्या फोनला ते जमतंय. आपण बघितलंय की. मग का न्हाय देत?’

मग आलं, ‘जुन्या फोनांवर तपासायला माणसं लागतात, वेळ लागतो. म्हणून ते गाळून टाकतात. आमच्या हापिसातबी असंच करतात. मीबी लई गाळलेत.’

‘गाळताना कुणाचे फोन हायत ते बघतासा काय?’

‘न्हाय काकू. नुसती मॉडेलची नावं असतात.’

त्यानं कंपनीला मोठं पत्र लिहिलं. चार ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, आणि या सुविधेसाठी नवा फोन घ्यावा.

दोघं बेळगावला जाऊन आली. दुकानदारानं फोन उलटासुलटा केला, महादेवशी बोलला, मग तिच्यासाठी लिहून दाखवलं, ‘फोन एकदम चांगला आहे. पण हे याच्यात येणार नाही.’ महादेव तावातावानं बोलायला लागला. मालुबाई त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. दुकानदार हसला आणि त्यानं तेही लिहिलं, ‘म्हणतात, विहिरीवरची मोटार वीस वर्षांची आहे, आजची वीज घेऊन फिरते. मग फोनला काय झालं?’

बाहेर पडल्यावर महादेवनं विळा चालवल्यासारखा हात केला आणि नव्या फोनांच्या काचेकडं बोट दाखवलं. भाताची सुगी आटपली की घेऊ.

सुगी आटपली नाही. मळणीच्या दिवशी खळ्यावरच महादेव खाली बसला. मालुबाई पाठमोरी होती. कुणीतरी ओरडलं असेल. तिनं वळून बघितलं तेव्हा माणसं त्याला उचलत होती. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली.

नीलम नवा फोन घेऊनच दवाखान्यात आली. सगळं त्यात बसवलेलं होतं. महादेवला घरी आणल्यावर मालुबाईनं तो त्याच्या उशाशी ठेवला. त्यानं ओळखला. डावा डोळा चमकला, वाकडं तोंड हलायला लागलं. अक्षरं भराभर आली, ‘वाहन बस आहे आणि पाऊण गाव’. थोडं थांबून, ‘वर वर’.

तिनं नीलमकडं बघितलं. नीलमनं मान हलवली. तिलाही त्याचं बोलणं कळत नव्हतं.

महादेव मात्र बायकोच्या तोंडाकडं आशेनं बघत होता. फोनवर काय उमटलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. आपलं बोलणं तिथं लिहून आलंय, असंच तो धरून चालला होता.

“व्हय, व्हय,” मालुबाई म्हणाली.

शिवरात्रीला आदर्श आला. आप्पांच्या उशाशी बसून तो बराच वेळ फोनशी खटपट करत राहिला. शेवटी त्यानं लिहिलं, ‘असलं बोलणं याला शिकवलेलंच न्हाय काकू. पुढं कधीतरी येईल.’

“आलं तरी परत नव्या फोनातच येईल,” ती म्हणाली. आदर्शनं मान खाली घातली.

महादेव रोज बोलायचा. दूध पाजून झालं की डाव्या हातानं फोनकडं दाखवायचा. ती तो सुरू करायची, समोर बसायची, हसायच्या जागी अंदाजानं हसायची. त्याला बरं वाटायचं.

चैत्रातल्या एका दुपारी तो असाच लांबलचक बोलला. बोलताना थुंकी गळत होती, ती तिनं पुसली. मग तो थांबला. डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं आणि वाट बघायला लागला. फोनवर लिहिलं होतं, ‘भाव काय गाडी’.

त्यानं काहीतरी विचारलं होतं, एवढं तिला समजलं.

“व्हय,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा बदलला. तो परत बोलला, हळू, एकेक शब्द जोर लावून. फोनवर काहीच आलं नाही.

“न्हाय,” ती घाईनं म्हणाली. “न्हाय हो, तसं न्हाय.”

महादेव तिच्याकडं नुसता बघत राहिला. किती दिवसांपासून हे असं चाललंय, ते त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. त्यानं मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

मालुबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, “परत सांगतासा? अहो, परत एकदा सांगा की.” पाठ हलली नाही.

त्यानंतर महादेवनं फोनकडं कधी बोट दाखवलं नाही. भूक लागली की डावा हात तोंडाशी न्यायचा, तहान लागली की अंगठा.