मुरमाखालची भेग

चहाच्या गाड्यावर रोज भेटणारा हा प्लॉटचा एजंट सगळ्यांना पावणं म्हणतो, मलाही. बोलताना त्याचा पाय कधी स्थिर नसतो.

नदीकडचा प्लॉट दाखवतानाही तो भाव सांगत चपलेनं मुरूम ढकलत होता. मी खाली पाहिलं. मुरमाखाली काळी माती होती आणि तिच्यात हात जाईल एवढी भेग पडली होती. तीच तो बुजवत होता.

"ही भेग कसली?"

"उनाळा हाय की, पावणं. माणसाच्या टाचंला बी पडत्यात."

"तुम्ही घर कुठं बांधलंय?"

"वरच्या अंगाला. पाया काढताना निस्ता खडक लागला," तो अभिमानानं म्हणाला.

मग त्याचा पाय थांबला.

दुसऱ्या दिवसापासून तो मला सर म्हणू लागला.