डाव्या दंडावरचा पट्टा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, हात जोडून देवालाही नाही. मग तुम्हाला का सांगते? — आज सकाळी सूनबाईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, कॉफी केली काय तुमी?" म्हणून.

आमच्या घरात कॉफी नाही. मी कधी आणूच दिली नाही. आतापर्यंत वाटायचं, तो वास फक्त मलाच येतो.

मला बीपी आहे. मुलानं मशीन आणून दिलंय. रोज सकाळी डाव्या दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. पट्टा फुगतो, आवळतो — आणि तिथंच, नेमकं तिथंच, गजानन धरायचा.

गजानन माझा धाकटा भाऊ. खामगावात त्याचं शिलाईचं दुकान होतं. किडन्या गेल्या, आणि डायलिसिस करून दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो माझा दंड धरायला लागला. पाचही बोटं, गच्च. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. भरल्या घरात मीच म्हटलं, माझी किडनी घ्या. मोठेपणाची हौस होती मला, खोटं कशाला बोलू? सगळे माझ्या पाया पडायचेच बाकी राहिले होते.

मग भीती धरली. आपलं पोट फाडणार, या विचारानंच रात्र रात्र जागी राहायची. पण दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा? तोही भावापुढं?

वाट दवाखान्यातल्या सिस्टरनं दाखवली, बिचारीला ठाऊकही नाही. पुढच्या वेळी बीपी पाहायचंय, त्याआधी चहा-कॉफी घेऊ नका, म्हणाली. कॉफीनं बीपी चढतं, सवय नसलेल्याचं तर जास्तच. मी जन्मभर चहावाली बाई — आलं ना लक्षात?

प्रत्येक तपासणीआधी मी बाथरूममध्ये कॉफीच्या पुड्या फोडल्या, बाटलीतल्या गार पाण्यात कालवल्या आणि घटाघटा प्यायले. कडू जहर. काळीज धडधडायला लागलं की बाहेर येऊन मुकाट्यानं हात पुढं करायची.

डॉक्टरांनी परत परत बोलावलं, शेवटी मान हलवली. एवढं बीपी असलेल्या बाईची किडनी घेता येणार नाही. मी रडले — आणि ते रडू खरं होतं, सुटल्याचं. गजाननानं माझा दंड धरला.

"ताई, काऊन रडून राह्यली? तुह्या हातात होतं काय हे?"

दुसरी किडनी मिळेपर्यंत तो राहिला नाही.

आता मशीन आकडा दाखवतं, हवा सुटते, मी पट्टा काढून ठेवते. दंडावरची पकड मात्र सुटत नाही. मग तो वास येतो. मला भीती वाटते, फार वाटते. त्याच्या रागाची नाही — तो अजूनही माझी समजूत घालायलाच धरतो, याची.

मी तशीही घाबरलेली होते, भीतीनंच बीपी चढलं असेल, कॉफीचं निमित्त — किती वर्षं घोळवली मी ही पळवाट! पण तीही खोटी. पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं अशा देऊळघाटच्या एका दवाखान्यात, मी गुपचूप बीपी पाहून घेतलं होतं. भीती तेव्हाही होतीच. बीपी मात्र अगदी चांगलं निघालं.

तिथून बाहेर पडले, आणि समोरच्या दुकानातून पुड्या घेतल्या.